परवान्याची वेस

(बहिणाबाई चौधरी यांच्या स्मरणार्थ असोदा इथं दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बहिणाबाईंच्या माहेरी उभं राहून पदव्यांविषयी बोलायचं, ही मोठी जबाबदारी आहे. 1880 साली याच गावात, महाजनांच्या घरात त्या जन्मल्या. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. आणि 2018 पासून जळगावचं आपलं विद्यापीठ त्यांच्या नावानं ओळखलं जातं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली मुलं-मुली त्यांचं नाव असलेलं प्रमाणपत्र घरी आणतात, आई-वडील ते काचेत बसवून भिंतीवर लावतात. त्या कागदाच्या आधारे पोराला नेमकं कोणतं काम करता येतं, आणि कोणत्या राज्यात करता येतं, हा आजचा माझा विषय आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. पदवी विद्यापीठ देतं. व्यवसाय करायची परवानगी मात्र निराळीच संस्था देते आणि ती बहुधा राज्याची असते. हे अंतर विद्यार्थ्याला प्रवेशाच्या दिवशी कळायला हवं, शेवटच्या वर्षाची फी भरून झाल्यावर नव्हे. ते सांगण्याचं काम शिकवणाऱ्या संस्थेचं आहे, आणि ते तिच्यावर कायद्यानं टाकलं पाहिजे.

आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर, तिथं मध्य प्रदेश. शिरपूरहून घाट चढला की सेंधवा, तिथंही मध्य प्रदेश. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. आपली सोयरीक, बाजार, दवाखाना, सगळं या सीमांच्या आरपार चालतं. परवाना मात्र तसा चालत नाही.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या खेड्यापाड्यांतल्या बी.ए.एम.एस. डॉक्टरांचं. रात्री-अपरात्री खेड्यात दार ठोठावलं तर उठणारा माणूस बहुतेक वेळा हाच असतो. त्याची पदवी आयुर्वेदाची. आयुर्वेदाचा व्यवसाय करण्याचा त्याचा हक्क केंद्रीय कायद्यानं देशभर मान्य केलेला आहे. पण तो तापाच्या रोग्याला अँटिबायोटिक लिहून देतो तेव्हा तो हक्क त्याच्या पदवीतून आलेला नसतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाची व्याख्या आहे. तिच्या एका पोटकलमानुसार राज्य सरकार आदेश काढून आपल्या राज्याच्या नोंदवहीतल्या ठरावीक व्यावसायिकांना आधुनिक औषधं देण्यापुरतं पात्र ठरवू शकतं. महाराष्ट्रानं असा आदेश 1992 साली काढला. पुढे अशाच आदेशावरून पंजाबातून सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर 1998 मध्ये मुख्तियार चंद खटल्यात न्यायालयानं सांगितलं की ही सवलत ज्या राज्याच्या कायद्यानं दिली, त्या राज्यापुरतीच ती आहे.

आता रावेरच्या डॉक्टरचा विचार करा. पदवी तीच, हात तोच, अनुभव वीस वर्षांचा. केळीच्या बागेत काम करणारा मजूर आजारी पडला आणि त्यानं रावेरमध्ये दाखवलं, तर डॉक्टरनं लिहिलेली चिठ्ठी कायदेशीर ठरते. तोच डॉक्टर बऱ्हाणपूरला जाऊन बसला, तर महाराष्ट्राचा आदेश त्याच्या मदतीला येत नाही. तिथं तिथल्या राज्याची नोंदणी आणि तिथल्या राज्याचे नियम पाहावे लागतात. ताप मात्र दोन्हीकडे तोच असतो.

मी त्या डॉक्टरची बाजू घेते आहे, असं समजू नका. रोग्याच्या बाजूनंही पाहायला हवं. मुंबईत 1992 साली एका तरुणाला ताप आला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरनं त्याला आधी विषाणूचा ताप समजून आणि मग टायफॉइड समजून ॲलोपॅथीची औषधं दिली. तो तरुण दगावला. त्याच्या पत्नीनं दाद मागितली, आणि 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या शास्त्राची नोंदणी आपल्याकडे नाही त्या शास्त्राची औषधं देणं हाच निष्काळजीपणा आहे, तो वेगळा सिद्ध करावा लागत नाही. परवाना कशासाठी असतो, हे त्या निकालात दिसतं. डॉक्टर किती हुशार, याच्याशी त्याचा संबंध कमी. चूक झाली तर रोग्यानं कुणाकडे जायचं, कोणती नोंदवही उघडायची, कोण त्याचं नाव काढून टाकू शकतं, याच्याशी त्याचा संबंध जास्त.

2014 साली महाराष्ट्रानं कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना आधुनिक औषधं देण्याची वाट मोकळी केली. त्यावर वाद अजून चालू आहे. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच मुद्द्यावर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर संप केला. खेड्यात दुसरा डॉक्टर नाही, हे म्हणणं खरं आहे. एक वर्षात काय शिकवून होतं, हा प्रश्नही खरा आहे. पण या भांडणात रोग्याला कुणी विचारलेलं नाही. दवाखान्यात शिरताना आपल्यापुढे कोणत्या नोंदवहीतला माणूस बसला आहे, हे त्याला कळतं का? डॉक्टरनं आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावावा आणि चिठ्ठीवर छापावा, असा नियम वैद्यक परिषदेनं 2002 साली केला आहे. तुमच्या घरातल्या जुन्या चिठ्ठ्या काढून बघा.

हे असं का झालं? आपल्या राज्यघटनेत वकिली, वैद्यकी आणि इतर व्यवसाय हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. 1976 च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनंतर शिक्षणही त्याच सूचीत आलं. सार्वजनिक आरोग्य मात्र राज्याकडे राहिलं. त्यामुळे शिकवणं एकाकडे, नोंदणी दुसऱ्याकडे आणि दवाखाने तिसऱ्याकडे. पण मूळ त्याहून जुनं आहे. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा 1912 साली झाला, म्हणजे नोंदवही मुळात इलाख्याची होती, देशाची नव्हती. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेनं 1930 साली हिंदुस्थानातल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली, तेव्हा मुंबई-मद्रासच्या नामांकित कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांची पदवी एका रात्रीत परक्या देशात निरुपयोगी झाली. त्या धक्क्यातूनच 1933 चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. आपल्या आजोबांच्या पिढीला एल.सी.पी.एस. डॉक्टर आठवत असतील. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, परवानापत्र होतं, आणि तेवढ्यावर त्यांनी तालुकेच्या तालुके सांभाळले.

पदवी आहे, बुद्धी आहे, तरी परवाना नाही, याचा सगळ्यात मोठा दाखला आपल्या शेजारच्या नाशिकचा आहे. कॉर्नेलिया सोराबजी 1866 साली नाशिकला जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणवत्तेत त्या पहिल्या होत्या, तरी विलायतेला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती बाई म्हणून त्यांना नाकारली गेली. इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी पैसे उभे केले, त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि 1892 साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ऑक्सफर्ड बायकांना परीक्षेला बसू देत असे, पदवी देत नसे. परत येऊन त्यांनी 1897 साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. केली. त्यानंतर अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. नाव मात्र कुणी नोंदवून घेतलं नाही. पुढे त्या बंगालमध्ये पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींच्या कायदेशीर सल्लागार झाल्या. ज्या बायकांना परपुरुषापुढे बोलता येत नव्हतं, त्यांच्या जमिनी आणि वारसाहक्क त्यांनी सांभाळले. काम वकिलाचंच होतं, सनद नव्हती.

याच काळात कलकत्त्याच्या रेजिना गुहा यांनी सनदेसाठी अर्ज केला. कलकत्ता हायकोर्टानं तो 1916 साली फेटाळला. 1921 साली पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज फेटाळला गेला. आणि त्याच 1921 सालच्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं कॉर्नेलियाबाईंना वकील म्हणून नोंदवून घेतलं. एकच देश, एकच वकिलांचा कायदा, 1879 चा, आणि एका प्रांताचं कोर्ट हो म्हणतं, दुसऱ्याचं नाही म्हणतं. अखेर 1923 साली वेगळा कायदा करून सगळ्या प्रांतांतली ही आडकाठी काढावी लागली. ऑक्सफर्डची पदवी त्यांना 1922 मध्ये मिळाली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. कायदा शिकवताना मी हा इतिहास दरवर्षी मुलींना सांगते, आणि दरवर्षी वर्ग काही वेळ शांत होतो.

1923 हे साल आणखी एका सनदेचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षी लंडनहून परतले. कोलंबिया आणि लंडन विद्यापीठांच्या पदव्या, ग्रेज इनची बॅरिस्टरी, एवढं सगळं हाताशी होतं. तरी मुंबई हायकोर्टाची सनद काढायला पैसे नव्हते. नवल भथेना या पारशी मित्रानं ते दिले. पुढे 1937 च्या जुलैमध्ये बाबासाहेब वकील म्हणून धुळ्याच्या कोर्टात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर उतरले. धुळ्याची माणसं दरवर्षी 31 जुलैला तिथं जातात. त्या दिवसामागे एका मित्रानं भरलेली सनदेची फी आहे, हे सांगायला हवं, कारण फीचा प्रश्न अगदी परवापर्यंत तसाच होता.

वकिलांचा 1961 चा कायदा सनदेची फी ठरवून देतो. राज्य बार कौन्सिलला 600 रुपये आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला 150, म्हणजे एकूण 750. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना 125. प्रत्यक्षात वेगवेगळ्या राज्यांची कौन्सिलं निरनिराळ्या नावांखाली पंधरा हजारांपासून चाळीस हजारांच्या पुढे पैसे घेत होती. म्हणजे पदवी एकच, पण वकील व्हायला किती खर्च येणार, हे राज्यावर ठरत होतं. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे बेकायदा ठरवलं आणि कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त घेऊ नये असं सांगितलं. चोपडा किंवा साक्रीच्या शेतमजुराच्या मुलीला याचा अर्थ काय, हे मला वेगळं सांगायला नको.

वकिलांच्या बाबतीत बाकी व्यवस्था तुलनेनं नीट आहे. सनद कुठल्याही एकाच राज्याच्या यादीत असते. आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोव्याची. पण त्या सनदेवर देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. गंमत नव्हे, खेद वाटावा अशी गोष्ट ही की हा हक्क देणारं कलम 1961 च्या कायद्यात होतं आणि ते अमलात आलं 15 जून 2011 ला. पन्नास वर्षं ते कागदावर होतं. 2010 पासून पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षाही आली, आणि 2023 च्या फेब्रुवारीत घटनापीठानं ती वैध ठरवली. म्हणजे एलएल.बी. ही आता पहिली पायरी, सनद दुसरी आणि परीक्षा तिसरी.

प्राध्यापक होऊ पाहणाऱ्यांकडे वळते, कारण हा खान्देशचा मोठा वर्ग आहे. घरटी एक एम.ए. किंवा एम.एस्सी. सापडतो, आणि तो सेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या राज्य पात्रता परीक्षेची, तयारी करत असतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. 1 जून 2002 नंतर सेट झालेल्या उमेदवाराची पात्रता ज्या राज्याची सेट, त्याच राज्यापुरती आहे. राष्ट्रीय पातळीवरची नेट झालेला मात्र देशात कुठेही चालतो. जळगावच्या कॉलेजात सहायक प्राध्यापक व्हायला पात्र असलेली मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली, तर तिची सेट तिथल्या कॉलेजला उपयोगाची नाही. आपल्याकडच्या किती मुली लग्न होऊन सुरतेला, उधन्याला, बऱ्हाणपूरला जातात! त्यांना नेट आणि सेट यांतला हा फरक कुणी परीक्षेचा फॉर्म भरतानाच सांगितला असता, तर त्यांच्या अभ्यासाची दिशा वेगळी असती.

औषधनिर्मात्यांची नोंदणी 1948 च्या कायद्यानुसार राज्य परिषदेकडे असते, परिचारिकांची राज्य परिचर्या परिषदेकडे. दुसऱ्या राज्यात जायचं तर नाव हलवावं लागतं, कागदपत्रांची पडताळणी दोन्ही टोकांना होते आणि तेवढा काळ हातात नोकरी नसते. तारतंत्री आणि पर्यवेक्षकाचा परवाना राज्याचं अनुज्ञापक मंडळ देतं. भौतिकोपचाराची गोष्ट आणखी वेगळी: महाराष्ट्रानं त्यासाठी 2002 साली स्वतःचा कायदा केला, अनेक राज्यांनी केलाच नाही. सिव्हिल इंजिनिअरला देशपातळीवर परवानाच नाही, महानगरपालिका आपापल्या हद्दीपुरती नोंद करते. चार्टर्ड अकाउंटंटला मात्र 1949 पासून एकच देशव्यापी नोंदवही आहे, आणि तिथं पोहोचायला विद्यापीठाची पदवी लागतेच असंही नाही. म्हणजे देशभर एक नोंदवही ठेवणं अशक्य आहे, हे कारण टिकत नाही.

एक गोष्ट मनाला लागते म्हणून बोलते. मेडिकल स्टोअरवर फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर आणि माणूस दुसऱ्याच गावी, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. परवाना भाड्यानं देणारा तरुण म्हणतो, नोकरी नाही, महिन्याला चार पैसे मिळतात. त्याची अडचण मला समजते. पण चुकीच्या गोळीनं कुणाची आई गेली, तर त्या भिंतीवरच्या नावाला काय अर्थ उरतो?

आता जगाकडे. पदवी मोठी की राज्याचा परवाना, हा वाद अमेरिकेत 1889 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मिटवला. वेस्ट व्हर्जिनियात डेंट नावाचा डॉक्टर 1876 पासून व्यवसाय करत होता. सिनसिनाटीच्या एका कॉलेजची पदवी त्याच्याकडे होती. राज्याच्या मंडळानं ते कॉलेज मान्यताप्राप्त नाही म्हणून प्रमाणपत्र नाकारलं, तो तरी रोगी तपासत राहिला, आणि त्याला 50 डॉलर दंड झाला. न्यायालयानं राज्याचा अधिकार उचलून धरला. आज तिथं डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, हिशेबनीस, सगळ्यांचा परवाना राज्यागणिक निराळा. आपल्या मुली भौतिकोपचाराची पदवी घेऊन तिकडे जातात तेव्हा त्यांना आधी पदवीची तुलना करून घ्यावी लागते, मग देशभर एकच असलेली परीक्षा, मग पुन्हा राज्याच्या मंडळाचा परवाना. एका राज्याचा परवाना दुसऱ्या राज्यात आपोआप चालतोच असं नाही. वैद्यक आणि परिचर्येत काही राज्यांनी एकमेकांशी करार करून ही वाट सोपी केली आहे, सगळ्यांनी नाही.

पण त्याच देशातली एक गोष्ट मला आपल्याकडे हवी आहे. 1 जुलै 2020 पासून तिथल्या शिक्षण खात्यानं विद्यापीठांवर बंधन घातलं. जो अभ्यासक्रम परवान्याकडे नेतो असं सांगून विद्यार्थी घेतले जातात, त्याबद्दल विद्यापीठानं एकेका राज्याचं नाव घेऊन लिहायचं: इथं हा अभ्यासक्रम परवान्याच्या अटी पूर्ण करतो, इथं करत नाही. विद्यार्थी ज्या राज्यात राहतो तिथं अटी पूर्ण होत नसतील, तर प्रवेशाआधी त्याला तसं थेट कळवायचं. यात कुणाचा अधिकार काढून घेतलेला नाही. राज्यं आपले नियम ठेवतात, विद्यापीठं आपले अभ्यासक्रम ठेवतात; मधल्या मुलाला फक्त खरं सांगितलं जातं.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक अट आहे, पण तिचं ओझं विद्यार्थ्यावरच टाकलेलं आहे. परदेशात एम.बी.बी.एस.ला जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर 2021 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नियम केले. अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, इंग्रजी माध्यमाचा हवा, तिथंच वर्षभराची आंतरवासिता हवी, आणि ज्या देशाची पदवी, त्या देशात तिच्यावर व्यवसायाचा परवाना मिळायला हवा. अट योग्य आहे. पण परदेशातल्या प्रवेशाचा दलाल जळगावच्या हॉटेलात सेमिनार घेतो तेव्हा तो या अटी सांगतो का? बापानं शेत गहाण ठेवलेलं असतं आणि मुलगी सहा वर्षांनी परत आल्यावर कळतं की चौथी अट पूर्णच होत नव्हती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परवाना लागणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तकात एक पान असावं. पदवीनंतर कोणत्या परिषदेकडे नोंदणी, कायद्यानं ठरलेली फी किती, पुढची परीक्षा कोणती, महाराष्ट्रात काय चालतं, आणि आपल्या दोन शेजारी राज्यांत, मध्य प्रदेश आणि गुजरातमध्ये, काय चालत नाही. ते पान मराठीत असावं. मी आजवर जी माहितीपुस्तकं पाहिली, त्यांत इमारतींचे फोटो भरपूर होते, हे पान नव्हतं. आपल्या विद्यापीठाला एका न शिकलेल्या कवयित्रीचं नाव आहे. ज्या घरातली पहिलीच पिढी कॉलेजात जाते आहे, त्या घराला समजेल असं सांगणं हे त्या नावाला शोभणारं काम आहे.

दुसरी मागणी नोंदवहीची. डॉक्टरांसाठी राष्ट्रीय नोंदवहीचं काम 2024 पासून सुरू झालं आहे. ते पुरं व्हावं, आणि परिचारिका, औषधनिर्माते, भौतिकोपचारक यांच्यासाठीही तसंच व्हावं. मला ती केवळ नोकरी शोधणाऱ्यांच्या सोयीसाठी नको आहे. एका राज्यात ज्याचं नाव गैरवर्तनासाठी काढलं गेलं, त्यानं सीमेपलीकडे नवी पाटी लावू नये, यासाठी ती हवी आहे. परवाना फिरायला मोकळा करायचा असेल, तर त्याच्यासोबत तक्रारीची नोंदही फिरली पाहिजे. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दोन्हींची गरज सारखीच आहे.

यंदा ज्यांची मुलं बारावीला किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांना मी येताना माहितीपुस्तकं आणायला सांगितलं होतं. बऱ्याच जणांच्या हातात ती दिसताहेत. व्याख्यान संपल्यावर मी इथंच थांबणार आहे. आपण मागच्या बाकांवर बसू आणि एकेक पुस्तक उघडून, कोणत्या पदवीला कोणती नोंदणी लागते, ते समासात पेनानं लिहून काढू.